अर्जदार स्त्री असल्याबाबत

ज्या माणसाला दुरुस्तीबाईंनी मारलं, तो दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजता स्वतःच्या पायांनी चालत ऑफिसात आला, रांगेत उभा राहिला आणि आपला नंबर आल्यावर खिडकीतून दाखला आत सरकवत म्हणाला, "बाई, यात माझे वडील जिवंत आहेत आणि मी गेलोय. तेवढं उलट करून द्या."

माणूस सभ्य होता, हीच पंचाईत झाली. तो ओरडला असता तर बाईंनाही चार शब्द ऐकवता आले असते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात दुरुस्तीच्या टेबलावर त्यांना बावीस वर्षं झाली होती. दाखल्यावरचं चुकलेलं नाव, आडनावातली वेलांटी, तारखेतल्या एकाचा झालेला सात, हे सगळं सरळ करून देणं हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव पगारपत्रक सोडलं तर कुठेच उरलं नव्हतं. घरी फोन आला तरी नवरा "थांबा, दुरुस्तीबाईंना देतो" असंच म्हणायचा. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ ओढली. स्वतःच्या चुकीवर ओढायची वेळ आज पहिल्यांदा आली. त्यांनी रेघ ओढली, शेजारी सही केली, शिक्का मारला आणि भरल्या रांगेसमोर त्या रडायला लागल्या. पाणी आणून दिलं ते त्या मेलेल्या माणसानेच.

हे काही एकाएकी झालेलं नव्हतं. सहा महिन्यांपासून बाईंच्या अंगात एक भट्टी बसली होती आणि ती कधी पेटेल याचा नेम नव्हता. ती पेटली की बाई पंखा पाचवर करायच्या आणि शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क उडणारे कागद दोन्ही हातांनी दाबून धरायचे. वजन वाढलं होतं, कंगव्यात केस आणि डोक्यावर कंगवा अशी अवस्था होती, दुपारी तीनला डोळे मिटायचे. पाळीने तर शिस्त सोडूनच दिली होती. चार महिने पत्ता नाही, मग एका महिन्यात दोनदा हजेरी. हे सगळं वयाचं आहे, सत्तेचाळीस म्हणजे काही कमी नाही, असं म्हणून बाईंनी ते फाइलबंद केलं होतं. पण एकदा नऊ वर्षं शेजारी बसलेल्या हेडक्लार्कांचं नाव त्यांना चहा संपेपर्यंत आठवलं नाही, तेव्हा मात्र त्या धास्तावल्या. त्यांच्या आईचीही सुरुवात नावांपासूनच झाली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

खिडकीशी रडू कोसळल्यावर बाईंनी शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी नाडी बघितली, गळा चाचपला, कोपरावरची कोरडी कातडी बघितली आणि थायरॉइड तपासून या, आधी तेवढं पाहू, असं सांगितलं. आता एकाच तपासणीवर माणसाने गप्प घरी यावं की नाही? पण अर्धवट फाइल घेऊन निघणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. मागाहून एखादा कागद राहिला असं नको, तर हार्मोन्सचं काय असेल ते सगळंच लिहून द्या, असा त्यांनी आग्रह धरला. बाहेर वीस पेशंट बसले होते. डॉक्टरीणबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि खाली आणखी चार नावं लिहिली. त्यांतली काही पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच करायची. एक होतं प्रोलॅक्टिन. ते उठल्यावर दोन-तीन तासांनी, धावपळ न करता आणि मन शांत ठेवून.

"शांत म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटची घंटी वाजवली.

घरी हे प्रकरण नवऱ्याने हातात घेतलं. तो वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागात होता, आणि जगातल्या कुठल्याही भानगडीत रीडिंग नीट घेतलं तर अर्धं काम झालं, अशी त्याची श्रद्धा होती. त्याने आलेखाचा कागद आणला, बायकोकडून गेल्या आठ महिन्यांच्या तारखा वदवून घेतल्या, त्या लाल शाईने मांडल्या आणि येणारी तारीख तुटक रेषेने दाखवून कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला. जी गोष्ट बाईंनी आयुष्यभर वर्तमानपत्रात गुंडाळून आणली, तिचा आलेख आता दुधाच्या पिशवीसाठी दार उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसू लागला.

मग वाट पाहणं सुरू झालं. सकाळच्या चहाला सासूबाई विचारायच्या, आली का. दुपारी ऑफिसात नवऱ्याचा फोन यायचा, आली का. वरच्या मजल्यावरच्या व्हिटॅमिनताई एकदा कात्री मागायला आल्या, तेव्हा त्यांनी हा प्रश्न लागोपाठ दोनदा ऐकला, फ्रिजवर गोल केलेली तारीख पाहिली आणि कोण पाहुणी येणार आहे, असं कौतुकाने विचारलं. बाईंनी डोळ्यांनी खूप खुणा केल्या. पण सासूबाईंना चष्म्याशिवाय खुणा दिसत नसत. त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून अख्खा जिना वाट पाहू लागला. तळमजल्यावरच्या आजी तर बाई ऑफिसला निघाल्या की तोंडाने काही बोलत नसत, नुसत्या भुवया वर करायच्या, आणि बाईंना मान हलवून 'नाही अजून' असं उत्तर द्यावं लागायचं.

व्हिटॅमिनताईंचा स्वभाव हात राखून मदत करण्याचा नव्हता. त्यांच्याकडे गुडघ्यांपासून स्मरणशक्तीपर्यंत सगळ्यावर बाटल्या होत्या. त्यांनी केस, नखं आणि त्वचेसाठी एक बाटली आणून दिली. रोज दोन. औषध नाही हो हे, खाऊ समजा, असंही वर सांगितलं. बाईंनी खाऊ समजून रोज दोन घेतल्या. त्यांचा रंग छान केशरी होता.

आलेखातली तुटक रेषा नवऱ्याने तीनदा पुढे सरकवली. शेवटी पाच आठवड्यांनी, ऑफिसची वार्षिक तपासणी सुरू व्हायच्या नेमक्या सकाळी, पाहुणी आली. तो शुक्रवार होता. तिसरा दिवस रविवार, लॅब बंद. राहिला शनिवार, आणि शनिवारी तपासणी अधिकारी दुरुस्तीचं रजिस्टर बघणार होते. बाईंनी दोन तासांच्या सवलतीचा अर्ज लिहिला. कारणापुढे आधी 'रक्त' लिहिलं, ते खोडलं आणि 'वैयक्तिक' लिहिलं. हेडक्लार्कांनी वैयक्तिक म्हणजे काय, असं विचारलं. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हेडक्लार्कांनी सही केली.

शनिवारी सकाळी घर शांत करण्याचं काम अर्थातच नवऱ्याकडे होतं. त्याने रेडिओ बंद केला, कुकर लावायला बंदी घातली, सासूबाईंना खोकायचं असेल तर बाल्कनीत जा म्हणून सांगितलं आणि दारावरच्या घंटीची वायर काढून ठेवली. त्यामुळे दूधवाल्याने दार मुठीने बडवलं आणि बाई बाथरूममधून साबणासकट बाहेर आल्या. मग स्कूटर. धक्का बसू नये म्हणून नवऱ्याने ती अशा वेगाने चालवली की एक आजोबा सायकलवरून पुढे गेले, आणि जाताना मागे वळून काळजीने बघून गेले. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाढत चालले तसा बाईंचा पाराही वाढत चालला. दुसऱ्या सिग्नलला त्या उतरल्या आणि चालत निघाल्या. नवरा स्कूटरवरून शेजारून येत राहिला आणि 'शांत आहेस ना' असं विचारत राहिला.

लॅबमध्ये काउंटरवर नाव नोंदवायला तोच उभा राहिला, कारण बाईंना खुर्चीत डोळे मिटून बसायची आज्ञा होती. मग रक्त घेणारी मुलगी आली. तिने बाईंच्या दंडाला पट्टा बांधेपर्यंत नवऱ्याने तिला तुमचं यंत्र शेवटचं कधी प्रमाणित केलंत आणि त्याचं सर्टिफिकेट कुठे लावलंय, हे विचारून घेतलं. मुलगी हसली आणि शीर शोधत बाईंना म्हणाली की काही गोळ्या चालू असतील तर सांगा. बाईंनी नाही म्हटलं. खाऊ कोण सांगतं?

रिपोर्ट संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाइलवर आला. त्याने तो स्वयंपाकघरात उभ्याने वाचला. मग तासभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. त्यानंतर तो अतिशय प्रेमाने वागू लागला. बाईंच्या हातातली बादली घेतली, पलंगावर उशी उभी करून दिली, आणि आपण एकदा समुद्र बघायला जाऊ या का, असं विचारलं. लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या बाईला यापेक्षा मोठी धोक्याची सूचना नको असते. बाईंनी फोन ओढून घेतला.

पानभर बाण होते. थायरॉइडच्या एका आकड्यापुढे खाली टोक केलेला, बाकी जवळजवळ सगळ्यांपुढे वर टोक केलेला. पण नवरा रीडिंग बघणारा माणूस, त्याने आकडे आधी पाहिले होते. बाईंना कुठलाही कागद वरून वाचायची सवय. वय सत्तेचाळीस, ते बरोबर होतं. पुढचा रकाना: लिंग, पुरुष. काउंटरवर जो उभा होता त्याचंच लिहिलं गेलं होतं.

"म्हणजे पुरुष म्हणून पाहिलं तर तू फारच आजारी आहेस," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने समुद्राचा विषय पुन्हा काढला नाही.

सोमवारी बाई एकट्याच लॅबमध्ये गेल्या. काउंटरवरच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं की लिंगात दुरुस्ती हवी असेल तर लेखी अर्ज, फोटो असलेलं ओळखपत्र आणि कामाचे तीन दिवस लागतील. बाई म्हणाल्या की मी तुझ्यासमोर उभी आहे.

"मला दिसतंय हो ताई," मुलगी म्हणाली, "पण दिसतंय म्हणून भागत नाही. सिस्टिमला पुरावा जोडावा लागतो."

बाईंच्या कानशिलात कुणी तरी वाजवल्यासारखं झालं. हे वाक्य त्यांचं होतं. दाट मिशा असलेला एक माणूस मागच्या वर्षी त्यांच्या खिडकीशी आला होता. जन्माच्या नोंदीत तो मुलगी म्हणून लागला होता. त्याला त्यांनी अगदी ह्याच सुरात तीन खेपा घालायला लावल्या होत्या, आणि तिसऱ्या खेपेला तो मिशीवर हात ठेवून काही तरी बोलणार होता तो न बोलताच परत गेला होता. बाईंना त्याची मिशी आठवली, आणि त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं.

त्यांनी कोरा कागद मागितला. बसायला जागा नव्हती, म्हणून पाण्याच्या कूलरवर कागद टेकवून त्यांनी लिहायला घेतलं. विषय: अर्जदार स्त्री असल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदार ही जन्मापासून आजतागायत स्त्रीच असून तिच्या लिंगात मध्यंतरीच्या काळात कोणताही बदल झालेला नाही. सबब अहवालात योग्य ती दुरुस्ती व्हावी. सोबत ओळखपत्राची प्रत जोडली आहे. काउंटरवरच्या मुलीने तो दोनदा वाचला. असा अर्ज अजून कुणी दिलेला नाही, याची एक प्रत आम्हाला नमुना म्हणून ठेवता येईल का, असं तिने विचारलं. एवढ्या दिवसांत बाईंची मान थोडी ताठ झाली ती तेव्हाच.

दुरुस्त रिपोर्टात बाई स्त्री झाल्या आणि बरेचसे बाण गळून पडले. थायरॉइडचा बाण मात्र तसाच राहिला. तो घेऊन नवरा-बायको डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी कागद वाचला, बाईंची नाडी धरली, पुन्हा कागद वाचला.

कागदाप्रमाणे तुमचं थायरॉइड सुसाट पळायला हवं, त्या म्हणाल्या, आणि नाडी तर रमतगमत चाललीय. हे जुळत नाही. नवरा खुर्चीत पुढे सरकला आणि मीटर, मीटर, असं पुटपुटला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं विचारलं. बाई नाही म्हणाल्या. मग त्यांनी केसांसाठी, नखांसाठी, कुणी सांगितलं म्हणून, सहज, असं एकेक करून विचारलं. बाईंनी पर्समधून केशरी गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली.

तर चूक रक्ताची नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. केसांच्या त्या गोळ्यांत बायोटिन म्हणून एक जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्याने या तपासणीचे आकडे उलटेपालटे येऊ शकतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गोळ्या आठवडाभर बंद करायच्या आणि थायरॉइड पुन्हा बघायचं. बाकीचे? बाकीच्यांचं राहू दे. या वयात ते आकडे महिन्या-महिन्याला वर-खाली होतात, त्यापेक्षा तुम्ही स्वतः काय सांगता ते मला जास्त उपयोगी. फ्रिजवरचा आलेख, जिन्यातल्या भुवया आणि सायकलवरचे आजोबा बाईंच्या डोळ्यांसमोरून ओळीने गेले.

"एक विचारू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्या तपासण्या एकदमच हव्यात असं तुम्ही म्हणालात. एवढी भीती कशाची वाटतेय?"

बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "माझ्या आईला शेवटी मी ओळखू येत नव्हते," त्या म्हणाल्या. "मी रोज जायची आणि रोज ती मला बसा म्हणायची. अहो-जाहो करून."

नवरा पुढे सरकला होता तो हळूच मागे टेकला. डॉक्टरीणबाईंनी या वेळी घंटी वाजवली नाही.

"ते तुम्हाला होणारच नाही असं मी रक्त बघून सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण थायरॉइड मंद असेल तर माणूस विसरतो, रडतो, थकतो. आणि ते गोळीने सुधारतं. आधी हे तर बघू."

परतताना स्कूटर पुन्हा हळू चालली होती, पण या वेळी बाई उतरल्या नाहीत. सिग्नलला नवरा पुढे बघतच म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तक्ता केला असतात."

घरी गेल्यावर त्याने फ्रिजवरचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि खाली कचऱ्याच्या डब्यात स्वतः टाकून आला.

आठ दिवसांनी बाईंनी ऑफिसला जाता जाता रक्त दिलं. ना शांतता, ना स्कूटर. संध्याकाळी रिपोर्ट आला, थायरॉइड खरोखरच मंद निघालं आणि बाईंच्या घरात आजार निघाल्याचा एवढा आनंद झाला की सासूबाईंनी व्हिटॅमिनताईंना वरून बोलावून बातमी सांगितली. व्हिटॅमिनताई आधी जरा दुखावल्या. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं की त्या केशरी गोळ्या घेत असताना काढलेले आपले स्वतःचे रिपोर्टही पुन्हा काढावेत का. बाईंनी त्यांना डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहून दिला.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. चमत्कार काही झाला नाही. पण दुसऱ्या आठवड्यात दुपारचे तीन वाजले आणि बाई जाग्या होत्या. चौथ्या आठवड्यात कंगवा जरा स्वच्छ निघाला. अंगातली भट्टी अधूनमधून पेटायची, तिचं वेगळं बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. खिडकीवर एक म्हातारा स्वतःचा आणि बायकोचा असे दोन दाखले घेऊन आला, त्यात बायकोचं नाव चुकलं होतं. बाईंनी ते पहिल्याच खेपेला सरळ करून दिलं आणि बसायला खुर्ची दिली.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. बाई सकाळी चपला घालायला दाराशी आल्या तर सासूबाई आधीच तयार होऊन उभ्या. हातात पिशवी, पिशवीत घडी केलेला कागद. काल संध्याकाळी भाजी आणायला म्हणून त्या गेल्या होत्या, त्या डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आल्या होत्या. बाईंनी कागद उघडून पाहिला. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन.

दोघी चालत निघाल्या. कोपऱ्यावरच्या बागेपाशी सासूबाई दमल्यासारख्या थांबल्या. दमल्या नव्हत्या.

"तुझ्याएवढी होते तेव्हा मी एकदा घर सोडून गेले होते," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"इथेच. त्या तिसऱ्या बाकावर. सकाळी दहाला येऊन बसले. कुणाशी भांडण नाही, काही नाही. सारखं रडू यायचं, काय ठेवलं कुठे ते कळायचं नाही. वाटलं, मला वेड लागतंय. लागायचंच असेल तर निदान पोरासमोर नको."

"मग?"

"मग संध्याकाळी भूक लागली. आले परत. बहिणीकडे गेले होते म्हणून सांगितलं. तुझा नवरा तेव्हा वीसएक वर्षांचा घोडा, पण विचारलं काय, तर मावशीने खाऊ काय दिला."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी सासूबाईंच्या हातातली पिशवी घेतली. सासूबाईंनी ती कधी कुणाला धरू दिलेली नव्हती. आज दिली.

लॅबमध्ये दोघी शेजारी शेजारी बसल्या. त्या दिवशीचीच रक्त घेणारी मुलगी आली. तिने बाईंचं आटपलं आणि मग सासूबाईंचा कागद घेऊन विचारलं, "आजी, तक्रार काय आहे तुमची?"

सासूबाईंनी ब्लाउजची बाही वर केली, बारीकसा दंड पुढे केला आणि थोडा विचार केला.

"तक्रार काही नाही गं," त्या म्हणाल्या. "यायला तीस वर्षं उशीर झाला, एवढंच."